कॅशेलच्या खडकावरील दोन मंदिरें

आयर्लंडच्या दक्षिण भागांत टिपरेरी नांवाचा परगणा आहे. हिरवीं कुरणें, संथ ओढे, गाईगुरें आणि बाराहि महिने अधूनमधून पडणारा पाऊस, असा हा मुलूख. या सपाट कुरणांच्या मध्यें चुनखडीच्या दगडाचा एक खडक एकाएकीं सुमारें २०० फूट वर आला आहे आणि त्याच्या माथ्यावर दगडी इमारतींचा एक पुंजका आहे. दुरून पाहणारास तो किल्लाच वाटावा. जवळ गेल्यावर कळतें कीं, हा किल्ला नसून देवमंदिरांचा समूह आहे. त्यांतील सर्वांत मोठ्या मंदिराच्या भिंती, कमानी व मधला बुरूज हीं सर्व उभीं आहेत, परंतु डोक्यावर छप्पर मात्र नाहीं. त्याच्याच कुशींत, दक्षिणेच्या अंगास, त्याहून शंभर वर्षांनीं जुनें असें एक लहानसें मंदिर आहे आणि त्याचें छप्पर अद्याप जागच्या जागीं आहे. मोठें आणि मागाहून बांधलेलें तें पडीक, लहान आणि जुनें तें शाबूत. हें कसें घडलें याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

या खडकाचें नांव कॅशेल. हा शब्द मूळ आयरिश भाषेंतील असून त्याचा अर्थ दगडी तटाची गढी असा होतो. मन्स्टर प्रांताच्या राजांचें हें कित्येक शतकांचें ठाणें. पांचव्या शतकांत संत पॅट्रिक येथें आला व त्यानें एंगस राजास याच खडकावर बाप्तिस्मा दिला, अशी आख्यायिका आहे. विधि चालला असतां संताच्या हातांतील दंडाचें अणकुचीदार टोंक नकळत राजाच्या पावलांत रुतलें. रक्त वाहूं लागलें, तरी राजा हूं कीं चूं करीना. विधि आटोपल्यावर संताच्या ध्यानांत तो प्रकार आला आणि त्यानें कळवळून विचारलें, तेव्हां राजा म्हणाला, "हाहि बाप्तिस्म्याचाच भाग असेल असें मला वाटलें." ही कथा पुष्कळ पुढच्या काळांत लिहिली गेली, तिला इतिहास म्हणतां येणार नाहीं. तथापि आपला पहिला ख्रिस्ती राजा कसा असावा असें त्या लोकांस वाटत होतें, तें तिच्यावरून चांगलें समजतें.

इतिहासाच्या उजेडांत आल्यावर मात्र या खडकावर भक्तीइतकेंच राजकारणहि दिसूं लागतें. ९७८ सालीं ब्रायन बोरू हा पराक्रमी पुरुष मन्स्टरचा राजा झाला. त्याचें घराणें कॅशेलचें जुनें घराणें नव्हे. जुन्या राजवंशास बाजूस सारून तो वर आला होता. त्याचा पणतू मर्टो ओब्रायन यानें ११०१ सालीं एक धर्मसभा भरवून हा सबंध खडक कायमचा चर्चला दान दिला. दान मोठें, यांत संशय नाहीं. पण जुन्या राजवंशास आपल्या पूर्वजांच्या आसनावर पुन्हां बसण्याची वाट त्या दानानें बंद झाली, हेंहि तितकेंच खरें. पुढें १११１ सालीं कॅशेल हें आर्चबिशपचें, म्हणजे मुख्य धर्माध्यक्षाचें, पीठ ठरलें.

त्या जुन्या राजवंशांतलाच कॉर्मॅक मॅकार्थी हा राजा. ११२७ सालीं तो पदच्युत झाला, लिस्मोर येथील मठांत कांहीं काळ राहिला व लवकरच तेथून परत येऊन पुन्हां गादीवर बसला. त्याच सालीं त्यानें कॅशेलच्या खडकावर मंदिर बांधण्यास आरंभ केला. गढी परत मिळण्याजोगी नव्हती. तेव्हां पूर्वजांच्या खडकावर त्यानें निदान देवाचें घर तरी बांधलें. ११३४ सालीं मंदिराची प्रतिष्ठा झाली आणि ११३८ सालीं कॉर्मॅक दग्यानें मारला गेला. त्याचें राज्य गेलें, वंशाचें वैभव गेलें. मंदिरास मात्र लोक अजून "कॉर्मॅकचें मंदिर" असेंच म्हणतात.

त्या काळचीं आयरिश देवमंदिरें अगदीं साधीं असत. एक लांबट खोली, तिच्या पूर्वेस वेदीसाठीं तिच्याहून लहान दुसरी खोली, जाड भिंती आणि एकदोन झरोके. शेजारीं कोठें कोठें उंच गोल मनोरा असे. तसा एक मनोरा कॅशेल येथेंहि असून तो सुमारें ११०० सालचा आहे. खडकावरील उभ्या इमारतींत हाच सर्वांत जुना. त्याची उंची २८ मीटर, म्हणजे ९० फुटांहून अधिक, आणि त्याचें दार जमिनीपासून बरेंच वर, शिडी लावल्यावांचून हाताला न लागणारें. असल्या मनोऱ्यास आयरिश भाषेंत "घंटाघर" असें म्हणतात.

अशा साध्या चालीच्या देशांत कॉर्मॅकचें मंदिर अगदींच निराळें दिसलें असेल. तें आकारानें लहानच आहे, परंतु सभाभाग आणि वेदीचा भाग जेथें मिळतात तेथें दोन्ही अंगांस एक एक चौकोनी मनोरा उभा केला आहे. अशी जोडी आयर्लंडांत पूर्वीं कोणीं पाहिली नव्हती. जर्मन मुलखांतील मंदिरांत ती आढळते. बव्हेरियांतील रेगेन्सबुर्ग शहरीं त्या काळीं आयरिश भिक्षूंचा मठ होता, त्यावरून ही कल्पना तिकडून आली असावी असें अनेक अभ्यासक म्हणतात. कमानींवरील नागमोडी नक्षी पाहिली म्हणजे इंग्लंडांतील नॉर्मन कारागिरांची आठवण होते. पण छप्पर मात्र अस्सल आयरिश आहे.

हें छप्पर सबंध दगडाचें आहे. त्यांत लांकूड नाहीं. विद्यार्थिमित्रहो, दोन पाट्या घ्या आणि तंबूप्रमाणें एकमेकींस टेकवून उभ्या करा. चढ जितका उभा तितक्या त्या अधिक चांगल्या राहतात. चढ कमी केला कीं पाय बाहेर घसरतात. आतां पाटीच्या जागीं दगडांच्या थरांची जड उतरण आहे असें समजा. तिच्यावर दुसरें संकट येतें. तिचे पाय जाड भिंतींनीं धरून ठेवले तरी ती मधल्या भागांत आंतल्या बाजूस खचूं पाहते. या दोन्ही संकटांवर आयरिश गवंड्यांनीं एक युक्ति काढली. बाहेरचें उभट छप्पर उभारण्यापूर्वीं त्यांनीं खालीं अर्ध्या पिंपासारखें गोल कमानदार छत बांधलें. हें छत वरच्या उतरणीस आंतून टेका देतें. दोहोंच्या मधली जागा भरून न काढतां पोकळ ठेवली, त्यामुळें भार हलका झाला आणि माळ्यासारखी एक खोलीहि मिळाली. खालून पाहणारास गोल छत दिसतें, बाहेरून पाहणारास उभट. वस्तुतः तीं दोन छपरें असून एकमेकांच्या आधारानें उभीं आहेत. वेदीवरील छत आणखी पुढच्या रीतीचें आहे. तेथें दगडी फासळ्या कोपऱ्यांतून निघून मध्यें एकमेकींस छेदतात. आयर्लंडांतील अशा फासळ्यांच्या छतांत हें अगदीं आरंभींचें होय.

आंत व बाहेर शिल्पें पुष्कळ आहेत. वेदीपुढील कमानीवर माणसांचीं डोकीं ओळीनें कोरलीं आहेत. उत्तरेकडील दाराच्या कमानीखालीं अर्धवर्तुळाकार दगड आहे. त्यावर एक प्रचंड सिंह कोरला असून त्यानें पायांखालीं दोन लहान जनावरें दाबलीं आहेत आणि मागून एक प्राणी, कमरेवर मनुष्य व खालीं घोडा, डोक्यास शिरस्त्राण घालून त्याच्यावर बाण सोडीत आहे. हें दार दक्षिणेकडील दारापेक्षां अधिक शोभिवंत आहे. राजा, बिशप, मिरवणूक यांनीं मंदिरांत शिरावें तें याच दारानें, अशा थाटानें तें घडविलेलें दिसतें. आज त्या दारांतून बाहेर पडलें असतां समोर मोकळें आंगण लागत नाहीं. हाताच्या अंतरावर मोठ्या मंदिराच्या भिंती आडव्या येतात आणि सिंह व धनुर्धर हे दोघेहि एका अंधाऱ्या कोपऱ्यांत अडकून पडले आहेत.

हें मोठें मंदिर म्हणजे कॅथीड्रल, आर्चबिशपचें प्रधानमंदिर. तें सुमारें १२३५ ते १२७० या काळांत बांधलें गेलें. तोंपर्यंत गोल कमानीची चाल जाऊन टोंकदार कमानीची चाल आली होती. गोल कमानीची उंची तिच्या रुंदीनेंच ठरते. टोंकदार कमान रुंदी न वाढवितां हवी तितकी उंच नेतां येते. त्यामुळें भाल्याच्या पात्यासारख्या उंच व अरुंद खिडक्यांच्या रांगा भिंतींत घालतां आल्या. मंदिराचा आराखडा क्रूसाच्या आकाराचा आहे. पूर्वेस वेदीचा लांब भाग, उत्तरेस व दक्षिणेस दोन आडवे बाहू, आणि चौघांच्या मिलाफावर उंच बुरूज. पश्चिमेचा बाहु, जेथें सामान्य जनांनीं बसावयाचें, तो मात्र विलक्षण आंखूड आहे, कारण त्याच्या टोंकास आर्चबिशपच्या राहण्याचा तटबंदी वाडा आहे. जनतेची जागा तोकडी आणि धर्माध्यक्षाचा वाडा भक्कम, ही रचना त्या काळाविषयीं बरेंच कांहीं सांगते. बुरुजाखालील चौकावर फासळ्यांचें दगडी छत आहे. बाकी सर्व मंदिरावर लांकडी सांगाड्याचें छप्पर होतें. कॉर्मॅकच्या मंदिराशीं तुलना करितां एवढा एकच फरक पुढें निर्णायक ठरला.

वेदीच्या भागांत माइलर मग्राथ याची कबर आहे. तो १६२२ सालीं मरण पावला. धर्मसुधारणेच्या गोंधळांत हा गृहस्थ सुमारें नऊ वर्षें एकाच वेळीं रोमन कॅथॉलिक चर्चचा बिशप आणि प्रॉटेस्टंट चर्चचा आर्चबिशप होता आणि दोन्हीकडील उत्पन्न त्यानें सोडलें नाहीं. कबरीवरील लेख त्यानें स्वतःच लिहून ठेविला. पाषाणासहि सर्व कांहीं सोसावें लागतें!

या मंदिरावर संकटें कांहीं थोडींथोडकीं आलीं नाहींत. १४९५ सालीं किल्डेअरचा अर्ल जेराल्ड फिट्झजेराल्ड यानें आर्चबिशपशीं वैर धरून मंदिरास आग लावली. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री यानें जाब विचारला तेव्हां त्यानें सांगितलें म्हणतात कीं, आर्चबिशप आंत आहे अशी माझी समजूत होती, नाहींतर मीं आग लावलीच नसती. राजास हसूं आलें आणि पुढच्याच सालीं अर्लास आयर्लंडचा कारभार परत मिळाला. गोष्ट विनोदी आहे खरी, पण ज्यांचें मंदिर जळलें त्यांस ती विनोदी वाटली असेल असें मला वाटत नाहीं.

१६४७ सालच्या सप्टेंबर महिन्यांत जें घडलें त्यांत विनोदाला जागाच नाहीं. कॅथॉलिक संघाचें सैन्य व पार्लमेंटचें सैन्य यांत युद्ध चाललें होतें. पार्लमेंटच्या बाजूचा सेनापति लॉर्ड इंचिक्विन कॅशेलवर चालून आला, तेव्हां शिपाई, पाद्री आणि गांवचे लोक, बायकामुलांसह, खडकावर आश्रयास गेले. हल्ला यशस्वी झाला आणि मंदिरांत शिरलेल्या लोकांची कत्तल उडाली. मेलेल्यांची गणति शेंकड्यांनींच करावी लागते. त्यांत थिओबाल्ड स्टेपल्टन हा पाद्री होता. यानें १६३९ सालीं आयरिश भाषेंत धर्मप्रश्नोत्तरीचें पुस्तक छापून आपल्या साध्याभोळ्या बांधवांस मातृभाषेंत शिक्षण देण्याची खटपट केली होती. आणि हा इंचिक्विन कोण? त्याचें नांव मरो ओब्रायन, ब्रायन बोरूच्याच वंशांतला. ज्या कुळानें ११०१ सालीं हा खडक देवास दिला त्याच कुळांतील पुरुषानें तो रक्तानें भरला. आयरिश लोक त्यास "आगलाव्या मरो" म्हणूं लागले.

वाचकांस वाटेल कीं, मंदिर पडीक झालें तें याच वेळीं. तसें नाहीं. जळलेलें पुन्हां बांधलें गेलें, लुटलेलें पुन्हां सजविलें गेलें, आणि १६४७ च्या कत्तलीनंतरहि दुरुस्ती होऊन तेथें उपासना चालूं राहिली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत थिओफिलस बोल्टन हा प्रॉटेस्टंट आर्चबिशप येथें होता. त्यानें १७३५ सालीं आपला मित्र, प्रसिद्ध लेखक जोनाथन स्विफ्ट, यास पत्र लिहिलें. खडक फोडून मंदिराकडे जाणारी वाट सोपी करण्याच्या उद्योगांत मी आहें. तें साधलें तर येथील प्राचीन मंदिराच्या दुरुस्तीसाठीं एक हजार पौंड खर्चण्याचा माझा विचार आहे, असा त्याचा आशय होता. त्या प्राचीन बांधकाम करणाऱ्यांस आपण अडाणी म्हणत असतों, असा एक टोमणाहि त्यानें त्यांत मारला आहे. बोल्टन १७४४ सालीं वारला आणि त्याच्या जागीं आर्थर प्राइस आला.

प्राइसचें मन खडकावर रमलें नाहीं. खडकाच्या पायथ्याशीं, गांवांत, आर्चबिशपचा नवा सुंदर वाडा तयार होता. वर जाण्याची वाट चढणीची, वारा बोचरा, पाऊस नेहमींचा. त्याची घोडागाडी मंदिराच्या दारापर्यंत नीट जाईना, एवढ्याचसाठीं त्यानें तें सोडलें, असें लोक अद्याप सांगतात. कारण एवढेंच नसेल. मोठें मंदिर जतन करण्यास पैसा लागतो आणि उपासनेस येणारे थोडे होते. तें कसेंहि असो, १७४९ च्या सुमारास प्रधानमंदिराचा मान गांवांतील मंदिरास देण्यांत आला आणि खडकावरील मंदिराचें छप्पर उतरविण्यांत आलें. शत्रूनें नव्हे, आगीनें नव्हे. ज्याच्या हातीं तें राखण्यासाठीं दिलें होतें त्याच्याच कारकीर्दींत.

छप्पर गेल्यावर दगडी भिंतीचें काय होतें, हें ज्यांच्या घरीं दर पावसाळ्याआधीं शाकारणी होते त्यांस फारसें समजावून सांगावयास नको. भिंत बाहेरून पाऊस सोसूं शकते. माथ्यावरून सोसूं शकत नाहीं. जुनी जाड भिंत म्हणजे दोन दर्शनी थर व मध्यें चुन्यांत बसविलेली खडी. माथा उघडा पडला कीं पाणी त्या मधल्या भरावांत उतरतें आणि चुना थोडा थोडा धुवून नेतें. हिंवाळ्यांत आंतलें पाणी गोठतें. गोठतांना तें फुगतें आणि सांधा रुंद करितें. पुढच्या वर्षीं त्या रुंद सांध्यांत अधिक पाणी मावतें. मग पक्ष्यांनीं टाकलेलें बीं रुजतें, आणि झाडाच्या मुळ्या उरलेलें काम करितात. एका शतकाच्या पावसानें त्या मंदिराची जी दशा केली ती दोन आगींनाहि साधली नव्हती.

१८६९ च्या कायद्यानें आयर्लंडांतील प्रॉटेस्टंट चर्चचा सरकारी दर्जा गेला. त्यानंतर, १८७४ सालीं, कॅशेलचा खडक राष्ट्रीय स्मारक म्हणून सरकारी बांधकाम खात्याकडे आला. त्या खात्यानें भिंतींचे माथे बंद केले, खिळखिळे सांधे भरले आणि पडझड थांबविली. मोठ्या मंदिरावर छप्पर मात्र पुन्हां कोणीं घातलें नाहीं. भजनी पाद्र्यांसाठीं पंधराव्या शतकांत बांधलेली जी इमारत खडकावर आहे तिचें दैव बरें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तिच्यावर नवें लांकडी छप्पर चढविलें. संत पॅट्रिकच्या नांवाचा बाराव्या शतकांतील झिजलेला दगडी क्रूस आतां तिच्यांत आश्रयास आहे. तो जेथें पूर्वीं उघड्यावर उभा होता तेथें त्याची प्रतिकृति ठेवली आहे.

आणि कॉर्मॅकचें मंदिर? त्यास तुळई नव्हती म्हणून ती कुजली नाहीं, लांकूड नव्हतें म्हणून तें जळलें नाहीं, आणि छप्पर काढावयाचें तर सगळें मंदिरच पाडावें लागलें असतें, म्हणून प्राइसच्या काळींहि तें वांचलें. इतकें असून त्याच्याहि आंत पाणी शिरत होतेंच. तें वालुकाश्माचें आहे आणि हा दगड स्पंजाप्रमाणें पाणी पितो. आठ शतकांचा पाऊस छपरांत व भिंतींत मुरत मुरत आंतल्या पृष्ठभागापर्यंत येऊन पोंचला होता.

आंतल्या त्या पृष्ठभागावर एके काळीं रंगीत चित्रें होतीं. धर्मसुधारणेनंतर त्यांवर चुन्याची सफेदी फांसली गेली आणि लोक त्यांस विसरून गेले. विसाव्या शतकांत सफेदी जपून काढल्यावर वेदीच्या भागांत ख्रिस्तजन्माच्या कथेंतील प्रसंगांचे व ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचे तुकडे दिसूं लागले. आयर्लंडांत उरलेल्या त्या काळच्या भित्तिचित्रांत हीं फार महत्त्वाचीं गणलीं जातात. त्यांतील निळा रंग लाजवर्द दगडाचा आहे. त्या काळीं युरोपांत हा दगड येई तो अफगाणिस्तानांतील बदख्शानच्या खाणींतून. उंटांवरून, गलबतांतून, व्यापाऱ्यांच्या कित्येक हातांतून फिरत फिरत त्याची चिमूटभर पूड टिपरेरीच्या कुरणांपर्यंत गेली आणि एका पदच्युत होऊन परतलेल्या राजाच्या मंदिरांत भिंतीवर लागली.

तो रंग ओलीनें सुटूं लागला, म्हणून एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सबंध मंदिरावर एक मोठा आच्छादनाचा मांडव घातला गेला. छपरालाच छप्पर! तो कांहीं वर्षें तसाच ठेवून, आंत हवेंतील ओल शोषून घेणारीं यंत्रें लावून दगड हळूहळू वाळविला आणि मग मांडव काढला. आतां मंदिरांत प्रवेश मिळतो तो मार्गदर्शकाबरोबर आणि थोड्याथोड्या लोकांसच; कारण पुष्कळ माणसें एका वेळीं आंत शिरलीं तर त्यांच्या श्वासांतील वाफेनेंहि भिंत पुन्हां ओलसर होते.